वीस मिलिग्रॅमची तूट

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत काकू भांडी धुतात, असं खालच्या मजल्यावरची माणसं म्हणत. ते खोटं नव्हतं. पण आचाऱ्याला चूल पेटवणारा म्हणावं, तितपतच ते खरं होतं. त्या खोलीत रोज जे काही शिजायचं, ते गाळणं, धुणं, वाळवणं आणि मिलिग्रॅमपर्यंत तोलणं हे सगळं काकूंकडे होतं. तेवीस वर्षं त्यांनी ते केलं होतं आणि आता निवृत्तीला दोन महिने उरले होते.

ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. अंगात दोन मापं मोठा पांढरा कोट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कोटाच्या उजव्या खिशात सुपारीच्या डबीएवढा एक जबरदस्त चुंबक. त्याच्यापायी त्यांची दोन मनगटी घड्याळं बंद पडली होती, आणि घराच्या किल्ल्या खिशात टाकल्या की त्याला अशा घट्ट बसत की संध्याकाळी दारात उभं राहून त्या सोडवाव्या लागत. "बायको आली हे मला बेल वाजून कळत नाही, दाराबाहेर पुटपुटणं ऐकू आलं की कळतं," असं त्यांचे यजमान सांगायचे.

काकूंचं नाक हे त्या मजल्यावरचं सगळ्यात जुनं यंत्र. कुपीत काय उतरलंय ते खरं यंत्र अर्ध्या तासाने सांगायचं. काकू झाकण उघडताना हाताने वारा घेऊन आधीच सांगून मोकळ्या व्हायच्या. "लवंगेसारखं जास्त आहे आज, व्हॅनिला कमी." आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. मुलं गमतीने म्हणायची, "यंत्र बिघडलं तरी चालेल, काकूंना सर्दी होता कामा नये."

तिथे चाललेलं काम समजायला अवघड नव्हतं, करायला होतं. लाकडात धागे असतात, आणि त्या धाग्यांना एकमेकांशी चिकटवून धरणारा एक पदार्थ असतो. त्याला लिग्निन म्हणतात. कागद करणाऱ्याला धागे हवे असतात, लिग्निन नको असतं. म्हणून कागद कारखान्यात लाकडाचे तुकडे मोठाल्या टाक्यांत शिजवतात. धागे मागे राहतात, लिग्निन काळ्याभोर पाण्यात उतरतं. कामगार त्या पाण्याला काढा म्हणतात. हा काढा आटवून भट्टीत जाळायचा, ही पूर्वापार पद्धत. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते सांगायचे की हे म्हणजे वाचनालय पेटवून त्यावर आंघोळीचं पाणी तापवण्यासारखं आहे. कारण लिग्निन ही एक लांबलचक, गुंतलेली माळ असते आणि तिच्यात ठिकठिकाणी सहा कोनांची कडी ओवलेली असतात. माळ नेमक्या जागी तोडली तर ती कडी सुटी होतात. त्यांतलं एखादं व्हॅनिलाच्या वासाचं, एखादं लवंगेच्या, एखादं धुराच्या. औषधं, गोंद, रंग, अत्तरं यांना लागणारी ही रसायनं आज जमिनीखालच्या तेलापासून काढावी लागतात.

माळ तोडायला उत्प्रेरक लागतो. इथला उत्प्रेरक म्हणजे काजळासारखी काळी भुकटी. तिच्यात निकेल होतं, आणि ती चुंबकाला चिकटावी म्हणून थोडं लोखंड. काकू तिला भुकटीच म्हणायच्या आणि हळूहळू सरांच्याही तोंडी तोच शब्द बसला. उत्प्रेरक काम घडवून आणतो पण स्वतः खर्ची पडत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. सरांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "मग नोकरीवर त्यालाच ठेवा. मी रोज थोडी थोडी पडते."

या भुकटीवर दोन वर्षं जिने जीव टाकला होता ती डॉक्टरेट करणारी मुलगी. ती जिना दोन-दोन पायऱ्या सोडून चढायची, चहा उभ्याने प्यायची, वाक्य अर्धं बोलून पुढच्यावर उडी मारायची. काकूंनी पहिल्या आठवड्यातच तिचं नाव घाईताई ठेवलं. तिने आधी नाक मुरडलं, मग स्वतःच्या कपाटावर तेच नाव चिकटवलं.

घाईताईचा सगळा डाव एका रेघेवर होता. एकच भुकटी दहा वेळा वापरली, आणि दहाव्या वेळीही जवळजवळ पहिल्याइतकीच रसायनं मिळाली. शंभर भाग लिग्निनातून पहिल्या फेरीत अडतीस भाग, दहाव्या फेरीत सदतीस. कागदावर काढली तर रेघ टेबलाच्या कडेसारखी सपाट. हा अहवाल कागद कारखान्याकडे गेला होता आणि तिथले मुख्य अभियंता महिन्याभरात स्वतः पाहायला येणार होते. त्यांना पटलं तर कारखान्यात पन्नास लिटरच्या भांड्यात हेच काम सुरू होणार होतं. नाही पटलं तर घाईताईच्या हाती एक प्रबंध आणि एक कपाट राहणार होतं.

त्या दिवशी दुपारी ती पाहुण्यांसमोर करायच्या भाषणाची तालीम करत होती. श्रोते दोन: खुर्चीवरचा कोट आणि पाठमोऱ्या उभ्या राहून कुप्या पुसणाऱ्या काकू.

"आणि मुख्य गोष्ट म्हणजे," घाईताई कोटाला म्हणाली, "दहा फेऱ्यांत नवा एक कणही न घालता..."

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं.

"काय म्हणालीस?"

"नवा एक कणही न घालता. का? जड वाटतंय वाक्य?"

"नाही," काकू म्हणाल्या. "चांगलं आहे." आणि आधीच कोरडी झालेली कुपी त्यांनी परत पुसायला घेतली.

 नवे कण घातले होते, आणि ते काकूंनी घातले होते.

दर फेरीनंतर भुकटी धुऊन, वाळवून तोलली की ती पाचशे मिलिग्रॅमची चारशे ऐंशी भरायची. कधी एखादा कमी, कधी एखादा जास्त. थोडी गाळणकागदावर राहायची, थोडी चमच्याला. कामाच्या कागदावर छापलेलं होतं: प्रत्येक फेरीत भुकटी पाचशे मिलिग्रॅम. तेव्हा काकू नव्या भुकटीच्या बरणीतून वीसेक मिलिग्रॅम घालून माप पुरं करायच्या आणि पुढच्या फेरीला द्यायच्या. चोरून नव्हे. नीटनेटकेपणाने.

ती सवय कारखान्यातल्या अकरा वर्षांची होती. प्रयोगशाळेत येण्याआधी काकू त्याच कागद कारखान्यात लगदा धुवायच्या. वडील टाक्यांवर शिजवणीला, मुलगी धुलाईच्या जाळ्यांवर. तिथे घाणा, म्हणजे एका खेपेचा लगदा, एका मापाचाच पुढे जायचा. धुताना लगदा वाहून गेला, कमी भरला, तर साठ्यातला घालून माप भरायचं आणि मगच पुढे ढकलायचं. तुटका घाणा पुढे पाठवणारी बाई म्हणजे कामचुकार. पुढे धुलाईची यंत्रं आली, जाळ्यांवरच्या बायका घरी गेल्या, आणि हात चांगला म्हणून एकट्या काकूंना इथे जागा मिळाली. हात घेऊन आल्या, हाताबरोबर सवयही आली.

आता त्यांना कळलं की घाईताईला मोजायचं होतं ते नेमकं हेच: जुनी भुकटी एकटीने किती चालते. दर वेळी ताजी माणसं मिसळली तर थकलेली टोळीही दमदार दिसणारच.

संध्याकाळी घरी किल्ल्या सुटता सुटेनात. आतून यजमानांनीच दार उघडलं. ते कारखान्यातून बॉयलरवाले म्हणून निवृत्त झाले होते आणि आता घरातला गॅस जेवढा हवा त्यापेक्षा मोठा ठेवायचे.

"काय झालं? चेहरा असा का? कुणी गेलं का?"

"कुणी नाही गेलं. बसा, सांगते."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुला कुणी विचारलं का?"

"नाही."

"विचारेल का?"

"कोण विचारणार? मलाच माहीत."

"मग दोन महिने मूग गिळून बस की. चिमूटभर भुकटी ती. शिंक आली असती तर यापेक्षा जास्त उडाली असती."

"अहो, शिंक आली असती तर कमी झाली असती. मी वाढवली."

यजमान थोडा वेळ कान खाजवत बसले. "मुलगी रडेल," ते म्हणाले.

"रडेल."

"तुला बोलेल."

"बोलू दे. उद्या कारखान्यात पन्नास लिटरचं भांडं लागलं आणि भुकटी चौथ्या दिवशी बसली, तर तिला किती लोक बोलतील? आणि का बसली ते तिला कधी कळणारसुद्धा नाही."

"मग मला कशाला विचारतेस?"

"विचारलं नाही. सांगितलं."

"लग्न झाल्यापासून असंच चाललंय," ते म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत काकूंनी नव्या भुकटीची बरणी काट्यावर ठेवली. बरणीवर भरतानाचं वजन लिहिलेलं होतं. त्यातून हिशोबाने जायला हवी होती तेवढी वजा केली. तरी एकशे चौऱ्याहत्तर मिलिग्रॅम कमी. नऊ वेळा घातलेली. पाचशेतला तिसरा हिस्सा. आकडा त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिला आणि स्टुलावर बसून राहिल्या. जिन्यावर दोन-दोन पायऱ्यांचा आवाज आला तेव्हा उभ्या राहिल्या.

त्यांनी प्रस्तावना केली नाही. चिठ्ठी पुढे धरली आणि काय केलं ते सांगितलं. घाईताईने आकडा वाचला, परत वाचला. तिचा चेहरा उतरत गेला.

"दर वेळी?"

"दर वेळी."

"काकू, मला एकदा विचारायचं तरी!" तिचा आवाज चिरकला. "दोन वर्षं! माझी दोन वर्षं तुम्ही... आणि अहवाल गेलासुद्धा. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"तुझं म्हणणं बरोबर आहे," काकू म्हणाल्या.

"बरोबर आहे म्हणू नका! काहीतरी भांडा तरी!"

काकू भांडल्या नाहीत. घाईताई खुर्चीवरच्या कोटात तोंड खुपसून रडली, मग उठून तिने सरांना बोलावून आणलं.

सरांनी चिठ्ठी पाहिली, मग भिंतीवरचा कामाचा कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. "प्रत्येक फेरीत पाचशे," त्यांनी मोठ्याने वाचलं. "कमी भरली तर काय करायचं, ते यात नाही. खाली सही माझी आहे." त्यांनी चष्मा काढला. "काकू, हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"कुणाला नाही."

"मलाही नाही," सर म्हणाले. मग घाईताईकडे वळून, "साहेब यायला किती दिवस?"

"चोवीस."

"एक फेरी दोन दिवसांची. एक दिवस शिजवण आणि निववण, दुसरा धुणं-वाळवणं. दहा फेऱ्यांना वीस दिवस. पहिल्यापासून करा. घालायचं काही नाही. जे निघेल ते साहेबांना दाखवू."

"आणि धुवायचं कुणी?" घाईताईने विचारलं. काकूंकडे न बघता विचारलं.

"काकूंनी," सर म्हणाले. "दुसरं कोण आहे?"

पहिली फेरी झाली. काकूंनी नेहमीसारखी भुकटी धुतली, वाळवली, तोलली. चारशे एक्याऐंशी. घाईताईने आकडा लिहिला आणि पेन आपटलं. याच चालीने गेलं तर दहाव्या फेरीला सव्वातीनशेच उरणार होती. मग रसायनं घटली तरी ती भुकटी थकली म्हणून घटली की भुकटी सांडली म्हणून, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

 काकूंनी त्या फेरीत वापरलेली एकूण एक वस्तू खिडकीतल्या उजेडात पांढऱ्या कागदावर मांडली: गाळणकागद, नरसाळं, चमचा, ब्रश, वाळवणीची थाळी. प्रत्येकीवर काळी कड होती. कुठे नखाएवढी, कुठे केसाएवढी.

"इकडे ये," त्यांनी हाक मारली. "बघ. धुताना नाही जात. भांडं बदलताना जाते. पाच भांडी, पाच ठिकाणी तूट."

घाईताई अजून घुश्शात होती, पण वाकली. "मग? भांडी तर लागणारच."

"का लागणार? जाळीवर आम्ही लगदा उचलायचो नाही. तो होता तिथेच राहायचा, पाणी बदलायचो." काकूंनी खिशातून चुंबक काढला. पोलादी भांड्याच्या आत एक काचेची पेली बसत असे. माल शिजायचा तो त्या पेलीत. काकूंनी ती पेली हातात घेतली आणि चुंबक बाहेरून तिच्या बुडाशी धरला. "भुकटी खाली धरून ठेवायची. वरचं ओतून घ्यायचं. अल्कोहोल घालायचं, हलवायचं, परत धरायचं, परत ओतायचं. तीनदा. मग पेलीसकट वाळवणीच्या कपाटात, पेलीसकट काट्यावर. रिकाम्या पेलीचं वजन आधी घेऊन ठेव. भुकटीला पेलीबाहेर जगच दाखवायचं नाही."

घाईताईने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "म्हणजे ही फेरी टाकून द्यायची आणि परत सुरुवात. सगळे मिळून बावीस दिवस झाले."

"हाती चोवीस आहेत."

"बुडाशी चिकटून राहील थोडी."

"राहू दे की. तिथेच शिजायचंय तिला पुढच्या वेळी."

त्यावर घाईताईला हसू आलं. आदल्या दोन दिवसांत पहिल्यांदा.

नव्या तऱ्हेची पहिली धुलाई करायला काकूंना पावणेदोन तास लागले. ओतताना त्यांचा डावा हात चुंबकावर आणि उजवा पेलीवर असे; पेली इतक्या संथपणे कलायची की काळं पाणी काठावरून तारेसारखं उतरे. मध्ये कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. दाराशी आलेला माणूस आपोआप पाय न वाजवता परत जाई. त्यांच्या वयाला मनगट थरथरायला हरकत नव्हती. ते थरथरलं नाही. वाळलेली पेली काट्यावर गेली तेव्हा घाईताईने डोळे मिटून घेतले.

"वाच," काकू म्हणाल्या.

"चारशे अठ्ठ्याण्णव!"

दोन मिलिग्रॅमची तूट. पुढच्या खेपेला तीन. मग दोन. असं वीस दिवस चाललं. सुट्टीच्या दिवशीही काकू आल्या, यजमान डबा घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि दारात उभे राहून म्हणाले, "भुकटीची तब्येत कशी आहे? तुमची विचारत नाही."

भुकटीची तब्येत तितकीशी बरी नव्हती. पहिल्या फेरीला अडतीस भाग. तिसऱ्याला सदतीस. पाचव्याला छत्तीस. मग दर फेरीला एकेक उतरत दहाव्याला एकतीस. पेलीत मात्र चारशे अठ्ठ्याहत्तर मिलिग्रॅम भुकटी हजर होती. म्हणजे ती सांडली नव्हती. हळूहळू थकत होती. इतके दिवस नव्या भुकटीने ते झाकून ठेवलं होतं. घाईताईने नवी रेघ काढली. घराच्या छपरासारखी उतरती.

"कुणी घेणार नाही ही," ती म्हणाली. पण जुनी रेघ तिने स्वतःच्या हाताने भाषणातून काढून टाकली.

मुख्य अभियंता आले ते एकटेच, हातात जुन्या अहवालाची गुंडाळी घेऊन. सर बोलले, घाईताई बोलली. या वेळी वाक्यं पुरी बोलली. तिने दोन्ही रेघा शेजारी शेजारी दाखवल्या आणि जुनी चुकली होती असं सांगितलं. काकू सरांच्या सांगण्यावरून दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. अशा बैठकीत त्या तेवीस वर्षांत कधी बसल्या नव्हत्या.

साहेबांनी गुंडाळी टेबलावर ठेवली. "चूक कळली कशी?"

घाईताईने सरांकडे पाहिलं. सर काही म्हणायच्या आत काकू उठल्या.

"मी केली होती, साहेब. कमी भरली की मी नवी घालत होते. माप पुरं करायची सवय. तुमच्याच कारखान्यातली."

साहेबांनी त्यांना नीट न्याहाळलं. "धुलाईवर होता?"

"अकरा वर्षं."

"तरीच." त्यांनी जुना अहवाल उघडून त्यातली सपाट रेघ बोटाने पुसल्यासारखी केली. "खरं सांगू का? ही पाहून मी नाही म्हणायलाच निघालो होतो. भुकटी दहा वेळा उकळली आणि तिला काही झालं नाही, यावर माझा विश्वास बसेना. कारखान्यात मी तिच्यात थोडी नवी रोज घालणारच आहे. पण ती किती थकते ते कळल्याशिवाय किती घालायची ते मला कोण सांगणार?" त्यांनी उतरत्या रेघेकडे हात केला. "हिच्यावरून सांगता येतं. आणि ही जी दोन-तीन मिलिग्रॅमची धुलाई म्हणता, ती मला बघायची आहे. आत्ता दाखवाल?"

"आजच्या फेरीची पेली अजून गरम आहे," काकू म्हणाल्या. "अर्धा तास थांबावं लागेल."

साहेब थांबले. खाली मोटार उभी असताना अर्ध्या तासाचे सव्वादोन तास थांबले आणि सगळी धुलाई पाय न वाजवता पाहिली. पन्नास लिटरचं भांडं सहा महिन्यांपुरतं द्यायचं, आणि त्याला बाहेरून चुंबक बसवायची सोय करायची, एवढं सरांशी बोलून ते गेले. सहा महिन्यांनंतरचं काही बोलले नाहीत.

ते गेल्यावर घाईताई कामाचा नवा कागद लिहायला बसली. जुना तिने भिंतीवरून काढला होता. काकू पेली पुसत शेजारी उभ्या होत्या.

"ऐका हं काकू. 'भुकटी पेलीबाहेर काढू नये. कमी भरल्यास नवी घालू नये. जेवढी भरेल तेवढी लिहावी. या पद्धतीने दर फेरीला सुमारे दोन मिलिग्रॅम तूट येते.' बरोबर?"

"नऊ धुलायांत बावीस गेली ना?"

"हो."

"मग दोन कशी? भागून बघ."

घाईताईने भागून पाहिलं. दोन पूर्णांक चार. तिने सुमारे खोडलं, दोनही खोडला, आणि खरा आकडा लिहिला.